एका पंगतीचे शिक्षण : कर्मवीर भाऊराव पाटील

एखादा विद्यार्थी अभ्यासात मागे पडतो, तेव्हा आम्ही शिक्षक प्रथम त्याची वही पाहतो. वास्तविक आधी त्याच्याकडे पाहावयास हवे. तो पोटभर जेवला आहे काय? त्याला रात्री झोप लागते काय? वर्गात बसताना त्याला कोणाचे भय वाटते काय? निवासी शाळेत तर हे प्रश्न अधिकच जबाबदारीचे ठरतात, कारण मुलाचे ताट, अंथरूण आणि अभ्यास ही तिन्ही एकाच छताखाली, आमच्याच हाती असतात. महाराष्ट्रात हे प्रश्न ज्यांनी शिक्षणाच्या अगदी मुळाशी नेऊन ठेवले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांच्या नावाच्या शाळा-महाविद्यालये आपण पाहतो, जयंतीला प्रतिमेस हार घालतो. परंतु वसतिगृहातील मुलाच्या मनाचा आणि पोटाचा विचार करणारे भाऊराव मात्र भाषणांतून हरवून जातात.

साताऱ्याची शाळा

भाऊरावांच्या कार्याचे मोल कळावयाचे असेल, तर आधी साताऱ्यातील एका दुसऱ्या मुलाची आठवण करावी लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो मुलगा म्हणजे बाबासाहेब. वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर पाणी नाही. गावातील न्हावी केस कापीत नसे, म्हणून ते काम घरी बहिणीला करावे लागे. बाबासाहेबांनीच पुढे आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे.

शाळा होती, शिक्षक होते, पुस्तकेही होती. तरीही ते शिक्षण एका मुलाला तहानलेले ठेवून चालले होते. त्या मुलाची बुद्धी आणि निर्धार असामान्य, आणि पाठीशी शिक्षणासाठी जिवाचे रान करणारे सुभेदार रामजींसारखे वडील. म्हणून ते मूल तरले. ज्यांच्यापाशी असे काही नव्हते त्या शेकडो मुलांचे काय झाले असेल, याची नोंद कोठेही नाही. अपमानाने शाळा सोडणारे मूल हजेरीपटावरून नाहीसे होते, एवढेच.

याच सातारा शहरात पुढे चोवीस वर्षांनी, १९२४ साली, भाऊरावांनी असे वसतिगृह सुरू केले की ज्यात महार, मांग, चांभार, मराठा, माळी, मुसलमान, जैन अशा सर्व घरांतील मुले एका पंगतीला बसून जेवू लागली. एक शहर तेच. परंतु दोन काळ वेगळे. या दोहोंमधील अंतर कसे कापले गेले, ती भाऊरावांची कथा होय.

वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते, त्यामुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. स्वभाव बंडखोर, शरीर काटक, कुस्तीची आवड, आणि अन्याय दिसला की हात आवरत नसत. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी रहाटच मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या चरित्रांतून आवर्जून सांगितली जाते. आपण वयाचा हिशेब केला तर ध्यानात येते की भाऊराव आणि बाबासाहेब यांच्यात जेमतेम चार वर्षांचे अंतर होते. एका मुलाला पाणी नाकारले जात होते, त्याच काळात दुसऱ्या मुलाला ते नाकारणे सहन होत नव्हते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले. राजाराम हायस्कुलात नाव घातले आणि राहण्याची सोय जैन वसतिगृहात झाली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात त्या सुमारास वसतिगृहांची रांगच उभी केली होती. १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी एकेक वसतिगृह निघत गेले. खेड्यातील मुलाला शहरात राहण्याचे ठिकाण मिळाल्याशिवाय त्याला हायस्कूल दिसणार नाही, हे महाराजांनी ओळखले होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटनास भाऊराव गेले. परत आल्यावर वसतिगृहाच्या चालकांनी त्यांना आंघोळ करून मगच आत यावे असे बजावले. भाऊरावांनी नकार दिला. आपण कोणत्या घाणीत गेलो नव्हतो, तेव्हा धुऊन काढावयाचे ते काय, असा त्यांचा साधा विचार होता. शिक्षा म्हणून त्यांना वसतिगृहातून काढून टाकण्यात आले.

हा प्रसंग आम्हांस त्यांच्या सबंध आयुष्याची किल्ली वाटतो. महाराष्ट्रातील वसतिगृहांचा सर्वांत मोठा उभारणीकार हा स्वतः वसतिगृहातून बाहेर काढलेला विद्यार्थी होता. हातात वळकटी घेऊन परक्या शहरात उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी अनुभवले होते. सुदैवाने शाहू महाराजांनी त्यांना आपल्या राजवाड्यावर आसरा दिला. महाराजांचा सहवास आणि महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांची ओळख ही त्यांची खरी शाळा ठरली. परीक्षांत मात्र त्यांना फारसे यश लाभले नाही; इंग्रजी सहावीपर्यंतच त्यांची मजल गेली. पुढे ज्यांनी महाविद्यालये उभारली, त्यांना स्वतःला मॅट्रिकचा उंबरठाही ओलांडता आला नव्हता. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करताना पालकांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

पाटील मास्तर ते रयत

कोल्हापूर सोडल्यावर त्यांनी साताऱ्यात खासगी शिकवण्या घेतल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे भाऊरावांना तुरुंगवास आणि मारहाण सोसावी लागली. पुढे त्यांनी ओगले काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खेडोपाडी विकण्याचे काम केले. ही फिरती वाया गेली नाही. कोणत्या गावात शाळा नाही, कोणत्या वाडीतील हुशार पोर चौथीनंतर गुरे राखीत बसले आहे, कोणत्या घरात फीपुरतेही पैसे नाहीत, हे त्यांनी उंबऱ्याशी जाऊन पाहिले. कंदील विकताना ज्या घरांत रात्री अंधार असतो, त्या घरांचा नकाशाच त्यांच्या डोक्यात तयार झाला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे राज्यातील सामान्य जन. संस्थेच्या नावात कोणी देव नाही, राजा नाही की देणगीदार नाही. पाच वर्षांनी संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराज १९२२ सालीच निवर्तले होते. त्यांचे नाव या वसतिगृहास लाभले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे त्याचे नामकरण झाले.

येथे इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक फरक नोंदविणे आम्हांस आवश्यक वाटते. शाहू महाराजांची वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. त्या काळी एकेक समाज पुढे येऊन आपल्या मुलांची जबाबदारी घेईल, तरच काम होईल, हे वास्तव महाराज जाणत होते. १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूमही त्यांनीच काढला. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. मुले दिवसा एका बाकावर बसतील आणि रात्री आपापल्या जातीच्या खोलीत झोपतील, तर बाकावरचा धडा रात्री पुसला जाईल. म्हणून एक स्वयंपाक, एक पंगत, एक पाणवठा, एक झोपण्याची जागा.

हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे की ज्या १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह निघाले, त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली आणि सभेचे पहिले विधायक काम म्हणून सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. दोघांच्या वाटा निराळ्या होत्या. परंतु मुलाला राहावयास जागा आणि खावयास अन्न दिल्याशिवाय शिक्षणाचा हक्क कागदावरच राहतो, या निष्कर्षाशी दोघेही स्वतंत्रपणे पोहोचले होते.

रयतेची माउली

भाऊरावांच्या नावाचा जयघोष होतो, तेथे लक्ष्मीबाईंचे नाव हळू आवाजात घेतले जाते. आम्हांस तो अन्याय वाटतो. वसतिगृह काढण्याची कल्पना भाऊरावांची. परंतु रोज सकाळी चूल पेटवून ते चालविण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडला. त्या धार्मिक वळणाच्या जैन घरातून आलेल्या होत्या. सोवळे-ओवळे, व्रतवैकल्ये यांत वाढलेल्या स्त्रीच्या स्वयंपाकघरात एकाएकी सर्व जातींची मुले येऊ लागली. हा बदल त्यांना प्रारंभी सोपा गेला नाही. परंतु भुकेले मूल दारात उभे असताना त्याची जात विचारणे त्यांच्या मातृत्वाला जमले नाही. बघता बघता त्या या सर्व मुलांच्या आई झाल्या.

पैशाची चणचण नित्याची होती. माहेराहून आलेले दागिने एकेक करून सावकाराकडे गेले. एकदा तर मुलांना उद्या काय घालावे हा प्रश्न पडला असता त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळातील सुवासिनीने मंगळसूत्र विकणे म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस कदाचित समजणार नाही. समाज जी वस्तू प्राणापलीकडे जपावयास सांगत होता, ती त्यांनी परक्या मुलांच्या भाकरीसाठी सोडली. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेचा वटवृक्ष झालेला त्यांनी पाहिला नाही. त्यांनी पाहिली ती नुसती धग.

आज बालमानसशास्त्राची पुस्तके सांगतात की घरापासून दूर असलेल्या मुलाला निदान एक तरी असे मोठे माणूस हवे, ज्याला ते मूल नावाने, स्वभावाने, आवडीनिवडीने ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी हे पुस्तकात वाचले नव्हते. कोण मुकाट्याने कमी जेवतो, कोणाचा ताप उतरला नाही, कोणाला घरची आठवण येते, हे पंगतीत वाढणाऱ्या आईच्या नजरेतून सुटत नाही. वसतिगृहातील मुलांचे आरोग्य प्रथम तेथेच कळते, कार्यालयातील नोंदवहीत नव्हे.

श्रम आणि वेठ

कमवा आणि शिका ही योजना भाऊरावांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. मुले शेतात राबत, बागेला पाणी देत, दगड फोडीत, इमारतीच्या कामाला हात लावीत, आळीपाळीने स्वयंपाक करीत आणि भांडी घाशीत. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीद ठरले. या योजनेचे गोडवे सगळेच गातात. परंतु आमच्या समाजातील वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आमच्या आजे-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रमच केले. महारकीच्या नावाखाली गावाची चाकरी, सरकारी टपाल, मेलेली जनावरे ओढणे, रात्री-अपरात्री निरोप पोहोचविणे, आणि बदल्यात शिळीपाकी भाकरी. ही वेठ मोडून काढण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ज्यांच्या घरात श्रम म्हणजे अपमान हाच अनुभव आहे, त्यांच्या मुलाच्या हातात शाळेतही कुदळच द्यावी काय? त्याला लेखणी मिळावी म्हणून तर त्याच्या आईने त्याला येथवर पाठविले.

या प्रश्नाचे उत्तर भाऊरावांच्या पद्धतीतच आहे. वेठ आणि श्रम यांतील फरक कामात नसतो. ते काम कोणावर पडते आणि कोणावर पडत नाही, यात असतो. साताऱ्याच्या वसतिगृहात पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच बांधावर खणीत होते. ज्या घरात भांड्याला हात लावणे हलके मानले जाई त्या घरचा मुलगाही पाळी आली की भांडी घाशीत होता. ज्याच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते, त्याने केलेली भाकरी सारी पंगत खात होती. काम सर्वांना सारखे वाटले गेले, त्या क्षणी त्यातून जात निघून गेली. शिवाय या श्रमाच्या बदल्यात मिळणारी गोष्ट शिळी भाकरी नव्हती. ती विद्या होती, आणि तीही हक्काने, उपकाराने नव्हे. फुकट खाणाऱ्याची मान खाली असते. आपल्या हिश्शाचे काम करून जेवणारा मुलगा दात्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकतो. दयेवर वाढलेले मूल शिकते, पण ताठ उभे राहावयास शिकत नाही, हे भाऊरावांनी फार लवकर ओळखले होते.

म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की कमवा आणि शिका या योजनेतील श्रम उचलावयाचा आणि त्यामागची समता सोडावयाची, असे जेथे होते तेथे भाऊरावांचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही. गरीब मुलाने झाडावयाचे आणि पैसेवाल्याच्या मुलाने पाहावयाचे, किंवा चुकलेल्या मुलाला शिक्षा म्हणून संडास धुवावयास लावावयाचे, ही पुन्हा वेठच होय. काम शिक्षा ठरले की ते काम करणारी माणसेही हलकी ठरतात. ज्यांच्या आईवडिलांच्या वाट्याला आजही झाडू आहे, त्या मुलांच्या मनावर याचा काय परिणाम होत असेल, याचा विचार प्रत्येक वसतिगृहप्रमुखाने करावा.

मूठभर धान्याची संस्था

वसतिगृह चालविण्यास धान्य हवे. भाऊरावांनी मुष्टिफंडाची रीत पाडली. घरातील बाईने दळणाला बसताना एक मूठ धान्य वसतिगृहातील मुलांसाठी बाजूला काढावयाचे. यातून धान्य तर मिळालेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट घडली. ज्या माउलीचे स्वतःचे मूल शाळेत नव्हते, तीही रोज सकाळी एका अनोळखी विद्यार्थ्याची आठवण करू लागली. संस्था कोण्या श्रीमंताची न राहता गावाची झाली.

१९३२ साली पुणे करार झाला. बाबासाहेबांनी कोणत्या दडपणाखाली त्या करारावर सही केली, हे आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्या कराराची वेदना आमच्या समाजाने अद्याप विसरलेली नाही. त्याच वर्षी भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू करून स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांना एकत्र ठेवले. करारातील ऐक्य खरे की खोटे, याचा निवाडा राजकारणाने करावयाचा तेव्हा करो. मुलांच्या ताटात मात्र ते आजच उतरले पाहिजे, असा त्यामागील विचार आम्हांस दिसतो. राजकीय मतभेद बाजूला ठेवूनही या कृतीचे मोल मान्य करावे लागते.

१९३५ साली साताऱ्यात शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय निघाले. खेड्यात जाऊन राहील असा शिक्षक बाहेरून आणता येत नाही, तो खेड्यातूनच घडवावा लागतो, हे त्यामागचे सूत्र. त्यानंतर डोंगराळ वाड्यावस्त्यांवर शेकडो स्वेच्छा प्राथमिक शाळा सुरू झाल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत आणि निवासी हायस्कूल उभे राहिले. आपल्यासारख्या निवासी शाळांची वंशावळ लिहावयाची झाली, तर तिच्या आरंभीच्या पानांवर या शाळेचे नाव लिहावे लागेल. १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि कमवा व शिका ही योजना महाविद्यालयीन शिक्षणापर्यंत पोहोचली. १९५४ साली कराडला गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले. स्वतः निरक्षर असलेले गाडगेबाबा भाऊरावांच्या कार्याचे मोठे पाठीराखे होते. बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीलाही पंढरपूरची धर्मशाळा दिली होती, याची आठवण येथे होते.

या वाटचालीत वाईट दिवसही आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. मोठ्या वसतिगृहाचा खर्च एका दिवसात थांबत नाही. मुले रोज जेवतातच. त्या दिवसांत मूठ मूठ धान्य देणारे लोकच संस्थेच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेरीस अनुदान पुन्हा सुरू झाले. शिष्यवृत्ती आणि अनुदान उशिरा आल्यावर काय होते, हे आजच्या कोणत्याही वसतिगृहचालकास वेगळे सांगावयास नको.

भाऊरावांच्या वसतिगृहातून पुढे आलेल्यांपैकी एक नाव बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे. वसतिगृहात वाढलेला हा विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला आणि परत येऊन रयतेच्याच सेवेत दाखल झाला. शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्यपद आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. जेथे मूल स्वतःच्या घरासारखे वाढते, तेथे ते मोठे झाल्यावर परत येते.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट्. दिली. इंग्रजी सहावीत अडलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने आपली मोठी पदवी देऊन गौरविले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या मागे तीसहून अधिक वसतिगृहे, शंभराहून अधिक माध्यमिक शाळा आणि खेड्यापाड्यांतील हजारो शिकती मुले होती.

आपल्यासाठी

भाऊरावांचे चरित्र वाचून हात जोडणे सोपे आहे. त्यातून आपल्या निवासी शाळेसाठी काय घ्यावयाचे, हे ठरविणे अधिक कठीण, पण अधिक उपयोगाचे. आम्हांस त्यातून काही साध्या गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट पंगतीची. मुले जे खातात ते शिक्षकांनी आणि पदाधिकाऱ्यांनी त्यांच्याच पंगतीला बसून खावे. पाहुणे येतील त्या दिवशी नव्हे, एरवीच्या दिवशी. डाळ पातळ आहे की नाही हे तक्रारपेटीपेक्षा ताटात लवकर कळते. त्याहीपेक्षा, शेजारी बसलेले मूल जेवता जेवता जे सांगते ते कार्यालयात बोलावून विचारल्यास सांगत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. जून महिन्यात नवी मुले येतात. पहिले काही दिवस त्यांतील कित्येक जण पांघरूण डोक्यावर ओढून रडतात, कोणी पोटात दुखते म्हणतो, कोणी वर्गात एकदम गप्प होतो. याला आळस किंवा नाटक म्हणू नये. प्रत्येक मुलाची चौकशी करणारे एक ठरलेले माणूस असावे, मग ते शिक्षक असोत, स्वयंपाकघरातील मावशी असोत की वरच्या वर्गातील ताई-दादा. लक्ष्मीबाई एकच होत्या. आपण त्यांचे काम अनेक जणांत वाटून घेऊ शकतो. जे दुःख अशा मायेनेही हलके होत नाही, त्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक यांच्याकडे जाण्यात कोणताही कमीपणा नाही.

तिसरी गोष्ट शिक्षेची. मूल चुकले की त्याला घरी पाठवून द्यावे, असे म्हणणे सोपे असते. आमच्या वस्त्यांतील अनेक मुलांच्या बाबतीत घरी पाठविणे याचा अर्थ वीटभट्टीवर, ऊसतोडीवर किंवा मुलगी असल्यास लवकर लग्नाला पाठविणे असाच होतो. वसतिगृहाचे दार बंद करण्यापूर्वी बाहेर वळकटी घेऊन उभा असलेला भाऊराव नावाचा विद्यार्थी एकदा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्यासाठी कोल्हापुरात एक शाहू महाराज होते. प्रत्येक मुलासाठी असतीलच असे नाही.

चौथी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. आपल्यापैकी कितीतरी जण आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, अधिकारी, वकील आहेत; कोणी परगावी, कोणी परदेशी स्थिरावले आहेत. शाळेस देणगी अवश्य द्यावी. परंतु मुष्टिफंडाचे मर्म धान्यात नव्हते, रोजच्या आठवणीत होते. वर्षातून एक दिवस वसतिगृहात मुक्कामास यावे, मुलांबरोबर जेवावे, दहावीच्या मुलाला आपण कोणत्या विषयात नापास झालो होतो तेही सांगावे. ज्या मुलाच्या घरात शिकलेले कोणी नाही, त्याला शिकलेले माणूस जवळून पाहावयास मिळणे ही फार मोठी शिदोरी असते.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत जी तहान सोसली, ती पुन्हा कोणत्याही मुलाच्या वाट्यास येऊ नये, यासाठीच आपली शाळा उभी आहे. आज आपल्या आवारात नळ आहे आणि तो उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परंतु तहान अनेक प्रकारची असते. मायेची, विश्वासाची, कोणीतरी आपले म्हणणे ऐकून घ्यावे याची. ती ओळखणारी माणसे आवारात आहेत की नाहीत, यावरून आपल्या शाळेची परीक्षा होईल. दहावीचा निकाल त्यानंतर पाहू.